संघात न निवडलेल्या मुलांचा तास

दहावीच्या गुणपत्रिकेवर भाषा, गणित, विज्ञान यांच्या गुणांबरोबर ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ अशी एक ओळ असते. तिच्यापुढे गुण नसतात, श्रेणी असते. ती टक्केवारीत धरली जात नाही, त्यामुळे घरात निकाल वाचताना तिच्यावर कुणाची नजर ठरत नाही. प्रमेये आणि सनावळ्या पुढे विसरल्या तरी बहुतेकांचे चालून जाते. शरीर मात्र जन्मभर रोज वापरावे लागते. ते कसे वापरायचे, कसे राखायचे आणि दुखले-खुपले तर काय करायचे, हे शिकवणारा शाळेतला विषय हाच आहे.

माध्यमिक शाळेतली मुले या तासाला नेमके काय शिकतात? अभ्यासक्रम काय सांगतो, मैदानावर काय घडते आणि या दोहोंत अंतर का पडते, याचा आढावा घ्यायचा तर एक कसोटी आधी ठरवायला हवी. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या ढाली आणि करंडक ही ती कसोटी नव्हे. शाळेच्या कुठल्याच संघात ज्याची कधी निवड झाली नाही, ते मूल दहावीनंतर या विषयातले काय बरोबर घेऊन जाते, हे पाहायला हवे. शाळेत अशीच मुले सर्वांत जास्त असतात आणि या तासाची गरजही त्यांनाच सर्वांत जास्त असते.

तीन वाटांनी आलेला विषय

महाराष्ट्रातल्या शाळांत हा विषय तीन वाटांनी आला. पहिली वाट पलटणीची. इंग्रजी अमलात शाळांमध्ये ड्रिल आले. सावधान-विश्राम, दाहिने मुड, कदमताल हा आजच्या तासाचा सर्वांत जुना आणि सर्वांत टिकलेला भाग आहे. दुसरी वाट तालमीची : जोर-बैठका, कुस्ती, लेझीम, मल्लखांब. पेशवाईच्या उत्तरार्धात बाळंभट देवधरांनी मल्लखांबाला जी उभारी दिली, तिचा वारसा व्यायामशाळांनी पुढे नेला. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली निघाले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. तिसरी वाट नियमबद्ध सांघिक खेळांची. विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यासारख्या संस्थांनी खो-खोचे नियम कागदावर आणले. गल्लीतल्या खेळाला मापे, पंच आणि वेळ मिळाली आणि तो शाळाशाळांत सारखाच खेळता येऊ लागला.

या तिन्ही वाटांपुढे आदर्श होते ते सैनिकाचे, पैलवानाचे आणि खेळाडूचे. सर्वसाधारण मूल त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हते. त्याचा विचार औंध संस्थानात दिसतो. भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. या व्यायामाला मैदान लागत नाही, साहित्य लागत नाही आणि कुणी बादही होत नाही. लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांचा दृष्टिकोनही असाच होता. श्वास, स्नायू आणि मज्जासंस्था यांवर योगाचा काय परिणाम होतो, हे ते प्रयोगशाळेत तपासत होते. मुंबई प्रांतात १९३७ साली लोकनियुक्त मंत्रिमंडळ आल्यावर शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी त्यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि १९३८ मध्ये कांदिवलीला शिक्षक तयार करणारी संस्था उभी राहिली.

स्वातंत्र्यानंतर जोर पुन्हा शिस्तीकडे वळला. आझाद हिंद सेनेतले जनरल जगन्नाथराव भोसले यांनी १९५४ साली राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली, तीही आधी निर्वासितांच्या मुलांसाठी. फाळणीत सगळे गमावलेल्या मुलांना रांग, गाणे आणि कवायत यांतून आधार देण्याचा तो प्रयत्न होता. अशा अनेक योजना शाळेत एकमेकींवर येऊन पडल्यावर कुंझरू समितीने त्यांची एकत्र मोट बांधण्याची शिफारस केली. आजच्या मैदानावर कवायत, लेझीम, खो-खो आणि आसने एकाच आठवड्यात दिसतात, त्याची मुळे या सगळ्या घडामोडींत आहेत.

पुस्तकातला विषय

नववी-दहावीच्या अभ्यासक्रमात आज आरोग्य आणि शारीरिक शिक्षण हातात हात घालून येतात. शरीर सैल करणारे सुरुवातीचे व्यायाम, व्यायामानंतरचे शिथिलीकरण, दम, ताकद, लवचिकता, चपळाई, तोल, खेळांची कौशल्ये आणि नियम, आसने-प्राणायाम, आहार, स्वच्छता, व्यसनांपासून दूर राहणे, प्रथमोपचार, स्पर्धा भरवणे असा त्याचा पट मोठा आहे. मूल्यमापन शाळेने करायचे आणि श्रेणी द्यायची. केंद्रीय मंडळाने २०१८-१९ पासून नववी ते बारावीसाठी रोज एक तासिका सक्तीची केली आणि तिच्यात खेळ, तंदुरुस्ती, समाजसेवा आणि आरोग्याच्या नोंदी असे चार भाग ठेवले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय ही भिंतच नको म्हटले. पाठोपाठ आलेल्या २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शारीरिक शिक्षण व स्वास्थ्य हे क्षेत्र इतर विषयांच्या पंक्तीला बसवले.

कागदावर तक्रारीला फारशी जागा नाही. खरा प्रश्न यातले मुलाच्या अंगात किती उतरते हा आहे.

स्वतःच्या शरीराची ओळख

या विषयातला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत स्वस्त धडा आहे नाडी मोजण्याचा. तर्जनी आणि मधले बोट अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर ठेवायचे, पंधरा सेकंद ठोके मोजायचे आणि चारने गुणायचे. अंगठ्याने मोजायचे नाही, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी जाणवते. बसून मोजायचे, मैदानाला दोन फेऱ्या मारून मोजायचे, मग दोन मिनिटांनी पुन्हा मोजायचे. पंधरा वर्षांच्या मुलाची हृदयगती कमाल साधारण २०५ पर्यंत जाते, हा २२० वजा वय असा ढोबळ हिशेब. धावल्यावर ठोके किती चढले यापेक्षा ते किती लवकर उतरले हे महत्त्वाचे. दर महिन्याला हीच नोंद ठेवली, तर जूनमध्ये धापा टाकणाऱ्या मुलीला डिसेंबरमध्ये वहीतच दिसते की तिचे हृदय आता लवकर शांत होते. तिला पदक मिळालेले नसते, पण सरावाने शरीर बदलते याचा पुरावा तिच्याच अक्षरात तिच्याकडे असतो.

दुसरा धडा मुरगळलेल्या पायाचा. आपल्याकडे पाय मुरगळला की लगेच तेल लावून चोळण्याची सवय आहे. ताज्या दुखापतीत आत रक्तस्राव होत असतो आणि चोळल्याने सूज वाढते. खेळ थांबवायचा, बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे धरायचा, लवचिक पट्टी बांधायची, पाय उंच ठेवायचा. पायावर भारच देता येत नसेल किंवा हाडावर दाबल्यावर तीव्र कळ येत असेल, तर डॉक्टरांकडे जायचे. एवढे चौदाव्या वर्षी नीट शिकलेले मूल घरातल्या आजीच्या पायालाही उपयोगी पडते. विदर्भ-मराठवाड्यात मार्चपासून मैदान तापते. तिथे तहान लागण्याआधी पाणी पिणे आणि चक्कर, मळमळ, डोकेदुखी ही उन्हाची लक्षणे ओळखणे हा धडा याच रांगेत बसवायला हवा.

हे वय शरीराच्या घडणीचे आहे. उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती मुलींमध्ये बाराव्या आणि मुलग्यांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास. हाडांची घनता याच काळात भरते, आणि उड्या, धावणे, वजन पेलणे यांनी ती अधिक भरते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल सांगते, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस दमाचे, स्नायू-हाडे बळकट करणारे व्यायामही. २०१६ पर्यंतच्या माहितीवर आधारलेल्या जागतिक अभ्यासात ११ ते १७ वयाच्या शाळकरी मुलांपैकी ८१ टक्के मुले एवढी हालचाल करत नाहीत असे आढळले. मुलींचे प्रमाण मुलग्यांपेक्षाही वाईट होते.

खेळ काय शिकवतो

खेळातून खिलाडूवृत्ती येते, असे आपण सहज म्हणतो. ती आपोआप येत नाही. खेळाच्या रचनेत काही शिकण्यासारखे असावे लागते, आणि ते उलगडून दाखवणारा शिक्षक लागतो.

खो-खो पाहा. मध्यपाटीवर आठ जण एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो. त्याला मध्यपाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत पोचल्याशिवाय उलटे फिरता येत नाही. पळणाऱ्याला असे कोणतेच बंधन नाही. त्यामुळे नुसत्या वेगाने गडी बाद होत नाही. तो बाद होतो योग्य क्षणी, योग्य जागी बसलेल्याला दिलेल्या खोमुळे. खो पाठीमागूनच द्यायचा, स्पर्श आणि आवाज दोन्ही हवेत. बसलेल्याने खो मिळण्याआधी उठायचे नाही, पण मिळताच पहिल्या पावलाला वेग हवा. उकिडवे बसून सगळा डाव डोळ्यांत ठेवणे, स्वतःला रोखून धरणे, आणि आपण पकडू शकणार नाही हे ओळखून संधी दुसऱ्याच्या हाती देणे, हे सगळे या खेळात आहे. डाव संपल्यावर शिक्षकाने खो देणाऱ्याला ‘तिथेच खो का दिलास?’ असे विचारले आणि उत्तर ऐकून घेतले, तर तो तास विचार करण्याचाही होतो.

या मातीतल्या खेळांनी उंचीही गाठली आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. साताऱ्याच्या मोही गावची ललिता बाबर शाळेत आधी खो-खो खेळायची. पुढे ती २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक मिळवले, आणि त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शालेय स्पर्धांची साखळी अशा मुलांना वर काढते. ती हवीच.

पण खो-खोच्या संघात बारा जण असतात. पाचशे मुलांच्या शाळेत दोन-तीन वयोगटांचे मुला-मुलींचे सगळे संघ धरले, तरी बहुसंख्य मुले बाहेरच राहतात. शिवाय निवडीत वयाचा खेळ असतो. चौदा वर्षांखालील गटाची रेषा १ जानेवारीला पडते. जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरमध्ये जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ एका वर्षाने मोठा असूनही दोघे एकाच गटात येतात. त्या वयात एक वर्ष म्हणजे कित्येक सेंटिमीटर आणि कित्येक किलो. आधी वाढलेला मुलगा हुशार खेळाडू ठरतो, त्याला जास्त सराव मिळतो आणि तो आणखी पुढे जातो. १९८५ मध्ये कॅनडातल्या आइस हॉकीपटूंच्या जन्ममहिन्यांच्या अभ्यासातून ही गोष्ट प्रथम ठळकपणे पुढे आली आणि नंतर अनेक खेळांत दिसली. तेराव्या वर्षी मागे पडलेला मुलगा पुष्कळदा फक्त उशिरा वाढणारा असतो. त्याला तेव्हाच कायमचे बाजूला बसवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

तास कसा जातो

साठ मुलांचा वर्ग, एक लांब उडीचा खड्डा, एक रांग. एका उडीला अर्धा मिनिट लागला तर तीस मिनिटांत प्रत्येकाची एकच उडी होते. बाकी सगळा वेळ रांगेत उभे राहण्याचा. तोच वर्ग बारा-बारांच्या पाच गटांत विभागला, एक गट खड्ड्यावर, एक दोरीउड्यांना, एक चेंडूफेकीला, एक पोट-पाठीच्या व्यायामांना, एक तोल सांभाळायला, आणि दर सहा मिनिटांनी गट फिरवले, तर खड्ड्यावर प्रत्येकाची उडी एकच झाली, तरी उरलेली चोवीस मिनिटे प्रत्येक मूल रांगेत न थांबता हलत राहते. मैदान तेच, शिक्षक तोच, साहित्यात थोड्या दोऱ्या आणि चेंडूंची भर. फरक फक्त आखणीचा.

बाद होण्याच्या खेळांचेही तसेच. धडपडणारे, जाड, अशक्त मूल पहिल्या मिनिटात बाद होते आणि उरलेला वेळ कडेला बसते. ज्याला हालचालीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच सर्वांत कमी मिळते. बाद झाल्यावर दहा उड्या मारून परत खेळात यायचे, एवढा नियम बदलला तरी चित्र पालटते.

याहून गंभीर बाब शिक्षेची. गृहपाठ केला नाही म्हणून मैदानाला पाच फेऱ्या, बोलला म्हणून पन्नास उठाबशा. धावणे आणि बैठका हे उत्तम व्यायाम आहेत. त्यांची शिक्षा केली की मुलाच्या मनात व्यायाम आणि अपमान यांची गाठ बसते, आणि ती पुढे तिशी-चाळिशीतही सुटत नाही. ज्या शाळेला व्यायामाची आवड लावायची आहे तिने हा प्रकार आजच्या आज बंद केला पाहिजे.

मुलींच्या बाबतीत आठवी-नववी ही वळणाची वर्षे ठरतात. पाळी सुरू झालेली असते, कपड्यांचा संकोच असतो, मैदानाभोवती बघे उभे असतात, आणि ‘आता पुरे खेळणे’ हा घरचा सूर सुरू होतो. पाळीत व्यायाम चालतो, हलका व्यायाम अनेकींना बरा वाटतो, फार दुखत असेल तर विश्रांती घ्यावी, आणि हे न लाजता शिक्षकांना सांगता यावे, हे शिकवणे अभ्यासक्रमाचाच भाग आहे. स्वच्छ स्वच्छतागृह, सैल ट्रॅकपँट आणि मैदानावर मुलींना हक्काची वेळ या तीन गोष्टी झाल्या तरी कडेला बसलेल्या बऱ्याच मुली आत येतील. दिव्यांग मुलांना ‘तू बसून बघ’ असे सांगितले जाते तेव्हाही हेच घडते. आवाज करणारा चेंडू, लहान अंतर, जोडीदाराबरोबर धावणे अशा बदलांनी त्यांनाही तासात सामावून घेता येते.

शिक्षक, मैदान आणि श्रेणी

यात शिक्षकाला एकट्याला दोष देणे बरोबर नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला खेळाचे मैदान हवे असे म्हटले, पण शारीरिक शिक्षणासाठी सहावी ते आठवीत, तेही शंभरांहून अधिक मुले असतील तरच, अर्धवेळ निदेशकाची तरतूद केली. माध्यमिक शाळेतल्या बी.पी.एड. झालेल्या शिक्षकावर प्रार्थनेची रांग, शिस्त, मिरवणूक, स्नेहसंमेलन आणि रजेवर गेलेल्यांचे तास यांचा भार असतो. जानेवारी लागला की दहावीच्या वर्गाचे हे तास गणित-विज्ञानाच्या उजळणीला जातात. मुंबई-पुण्याच्या दाट वस्त्यांत अनेक शाळांना मैदान म्हणजे इमारतींमधला चौक. अशा जागेत सूर्यनमस्कार, दोरीउड्या आणि दोरीचा मल्लखांब हेच खरे आधार आहेत, आणि मल्लखांबाच्या या प्रकाराचे सामर्थ्य आपण अजून पुरते वापरलेले नाही.

मोजमापाची साधने आता हाताशी आहेत. खेलो इंडियाच्या चाचणीत नऊ वर्षांपुढच्या मुलांसाठी उंची-वजन, ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, बसून पुढे वाकणे, पोटाचे व्यायाम आणि जोर एवढेच आहे. जपान १९६४ पासून आपल्या मुलांच्या क्षमतेची अशी मोजणी नियमाने करत आला आहे, आणि त्यामुळे पिढ्यांमधला फरक त्याला आकड्यांत दिसतो. आपल्या शाळांनी ही चाचणी वर्षातून दोनदा घ्यावी, पण तिचा निकाल फळ्यावर लावू नये. प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याच मागच्या नोंदीशी करावी आणि श्रेणी या प्रगतीला द्यावी. आज श्रेणीमागे नोंदवही नसेल तर त्या अक्षराला अर्थ उरत नाही, आणि अर्थ नसलेल्या श्रेणीसाठी पालक वेळ मागणार नाहीत.

एवढे तरी हवे

दहावी पार केलेल्या प्रत्येक मुलामुलीला काय यायला हवे, हे आता स्पष्ट सांगता येते. न थांबता पंधरा-वीस मिनिटे हळू धावता किंवा झपझप चालता यावे. बारा सूर्यनमस्कार श्वासाच्या लयीत घालता यावेत. एक सांघिक खेळ नियमांसह खेळता यावा आणि त्याचे पंचकामही करता यावे. पुढे एकट्याने करता येईल असा एक व्यायाम अंगवळणी पडलेला असावा. नाडी मोजता यावी, मुरगळलेल्या पायाला आणि उन्हाने घेरी आलेल्या मित्राला प्रथमोपचार करता यावेत. हरल्यावर समोरच्याशी हात मिळवता यावा. आणि आपले शरीर कसेही असले, उंच, बुटके, जाड, किडकिडीत, तरी ते सरावाने सुधारते, हे स्वतःच्या वहीतल्या आकड्यांवरून पटलेले असावे.

यासाठी नवा कायदा लागत नाही. वेळापत्रकातले तास न कापणे, साठ मुलांची एक रांग मोडून पाच गट करणे, व्यायामाची शिक्षा बंद करणे, मुलींना मैदान मिळवून देणे आणि प्रत्येकाची नोंदवही ठेवणे, ही कामे शाळा येत्या जूनपासून करू शकते. पालकसभेत गणिताच्या गुणांबद्दल विचारतो तसे ‘माझ्या मुलीच्या नोंदवहीत यंदा काय बदलले?’ असे पालकांनी विचारायला सुरुवात केली, तर ती वही ठेवणे शाळेला भाग पडेल.